दंडातली डाळ

शमीमआपाला दिवस गेल्याची बातमी डब्याच्या सुट्टीत फुटली, तेव्हा गणवेशाच्या कारखान्यातल्या शिलाई विभागातल्या बायका इतक्या हसल्या की काचेच्या केबिनमधला सुपरवायझर उठून उभा राहिला. शमीमआपा चव्वेचाळीस वर्षांची. थोरल्या लेकीचं लग्न ठरलेलं. "लेकीचं बाळंतपण करायचं वय माझं, आणि बघा की ओ, मलाच डोहाळे लागायलेत," असं ती स्वतःच म्हणाली आणि डोळे पुसत हसली. शेजारच्या मशीनवरची लावण्याही हसली.

आठवडाभरानं बटणं लावणाऱ्या संगव्वाला उलट्या सुरू झाल्या. मग काजाच्या मशीनवरची नवी पोरगी, लग्नाला वर्षही न झालेली, उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. त्या वेळी कुणी हसलं नाही. तिघींच्याही दंडात डाळ होती.

लावण्यानं मशीन थांबवलं आणि डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. कातडीखाली हिरवा ठिपका उजळला, रोजच्यासारखाच. तरी तिनं तो पुन्हा दाबून पाहिला.

त्या वस्तूचं सरकारी नाव ‘निश्चिंत’ होतं, पण सोलापुरात सगळ्या तिला डाळच म्हणत, कारण ती तुरीच्या डाळीएवढी होती. आत केसाच्या टोकाएवढे हजारो खळगे, प्रत्येक खळग्यात एका दिवसापुरतं संप्रेरक आणि वर सोन्याचा अतिशय पातळ पापुद्रा. रोज एका खळग्यावरून विजेचा बारीकसा प्रवाह जाई, पापुद्रा वितळे, औषध रक्तात उतरे आणि त्या दिवसापुरता गर्भ राहण्याचा रस्ता बंद होई. गोळी विसरण्याची भीती नाही. मूल हवं झालं की डाळ बंद करून घ्यायची, नंतर पुन्हा चालू करायची. औषधाच्या दुकानात काउंटरशेजारच्या खुर्चीत बसलं की पाच मिनिटांत काम होई. चिठ्ठी नको, नवऱ्याची सही नको, पैसेही नकोत. सगळा खर्च राज्याच्या तिजोरीतून.

डाळ बिनतारी संदेशावर चाले. जाता येता कुणीही ती बंद-चालू करू नये म्हणून तिला कुलूप घातलेलं होतं. दर महिन्याला योजनेच्या केंद्रातून एक सांकेतिक परवाना बाईच्या मोबाइलवर येई आणि मोबाइल तो आपोआप डाळीपर्यंत पोचवी. परवाना आला नाही तर डाळ पुढचे खळगे उघडत नसे. शंका आली तर थांबायचं, असं बनवणाऱ्यांनी तिला शिकवलं होतं. त्या प्रत्येक परवान्याचे पैसे सरकार कंपनीला देत होतं. लाखो बायकांच्या दंडात ही व्यवस्था गुपचूप चालू होती आणि तिचा विचार करण्याची वेळ कुणावर आली नव्हती.

इतर बायकांना डाळ म्हणजे सोय होती. लावण्या चिप्पाचा जीव तिच्यावर टांगलेला होता.

लेक चिन्नी जन्मल्यावर तिसऱ्या आठवड्यात लावण्याला आडवं झोपता येईना. पाठ टेकली की पाण्यात बुडाल्यासारखं होई. बाळंतपणाच्या सुमाराला हृदयाचा स्नायूच सैल पडावा असा एक आजार आहे. फार थोड्या बायकांना होतो, तो तिला झाला. नवऱ्यानं, नागेशनं, तिला आठ दिवस नळ्यांमध्ये गुंडाळलेली पाहिली. घरी सोडताना डॉक्टर मेधा भडकुंबे म्हणाल्या होत्या, "हे हृदय एकदा सावरलंय, तेही अर्धवट. दुसरं बाळंतपण त्याला झेपणार नाही." मग नागेशकडे वळून, "तुम्ही ऑपरेशन करून घ्या. साधं असतं." नागेश हो म्हणाला होता. त्याच वर्षी दुकानांत डाळ आली, फुकट, पाच मिनिटांची. ऑपरेशनचा विषय मागे पडला. विषय काढावा असं पाच वर्षांत काही घडलंही नाही.

त्या संध्याकाळी कारखाना सुटल्यावर लावण्या घरी न जाता अशोक चौकात गेली.

शिवलीला हत्तुरेंच्या औषधाच्या दुकानात बायकांची रांग फुटपाथवर आली होती. पूर्व भागातल्या निम्म्या बायकांच्या दंडात डाळ बसवणारी हीच बाई. सगळ्या तिला लीलाक्का म्हणत. लावण्याची पाळी आली तसं लीलाक्कानं तपासणीचं यंत्र तिच्या दंडाला लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि यंत्र हळूच काउंटरवर ठेवलं.

"हिरवा दिवा लागतोय की अक्का," लावण्या घाईनं म्हणाली.

"दिव्याचं काय गं. बॅटरी आहे तोवर लागणारच." लीलाक्काचा आवाज खाली गेला. "औषध बंद आहे. घटस्थापनेच्या आधीपासून."

दिवाळी होऊन गेली होती. दसऱ्याच्या आसपास आपल्याला थोडं डागलं होतं, हे लावण्याला आठवलं. डाळ असलेल्या बायकांना अधूनमधून डागतंच, म्हणून तिनं लक्ष दिलं नव्हतं.

"माझी एकटीची बिघडली?"

"सकाळपासून आल्या त्या सगळ्यांची तीच गत. बिघडलेली नाही, थांबवलीय. मी वर फोन करून करून थकले तेव्हा एकानं सांगितलं. पोरं जन्मत नाहीत, शाळा बंद पडायल्यात, मग सरकारनं हे फुकट का वाटायचं, असा प्रश्न कुणीतरी काढला. समिती बसली. तिचा निर्णय होईपर्यंत कंपनीचे पैसे अडकले, आणि कंपनीनं परवाने थांबवले."

"आम्हाला सांगायचं की!"

"सांगितलं तर घबराट होईल म्हणे."

मागच्या रांगेतून कुणीतरी शिवी दिली. लावण्यानं काउंटरची कड धरली. "मग मला गोळ्या दे. कुठल्याही दे."

लीलाक्कानं मागच्या फळीकडे हात केला. तिथं च्यवनप्राशाच्या बरण्या होत्या. "फुकट डाळ मिळाल्यावर विकतच्या गोळ्या कोण घेईल? कारखान्यांनी बनवणंच सोडलं. तांबी बसवणाऱ्या नर्सा रिटायर झाल्या, नव्यांना कुणी शिकवलं नाही. कंडोम होते थोडे, ते काल संपले. सगळं होतं गं एकेकाळी या फळीवर." ती थांबली. लावण्याच्या हृदयाची गोष्ट तिला माहीत होती. "आधी पट्टीवर तपासून घे. आत जा."

दुकानामागच्या बारक्या मोरीत लावण्या पट्टी हातात धरून उभी राहिली. एकच रेघ आली. ती इतक्या जोरानं श्वास टाकत बाहेर आली की लीलाक्कानं तिचा दंड पकडला. "आज एक आली म्हणून सुटलीस असं नाही. इतक्या लवकर कधी कधी कळत नाही. दहा-बारा दिवसांनी परत ये. पट्ट्या संपायल्यात, तुझ्यासाठी एक बाजूला ठेवते."

नागेश टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमानवांचे हात दुरुस्त करायचा. घरी तो जेवत होता. लावण्यानं सांगितलं तसा त्यानं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"पण रेघ एकच आली ना?"

"एकच."

"उद्याच जातो ऑपरेशनला," तो म्हणाला.

तो गेला, पण रुग्णालयाच्या पायऱ्यांवर त्याच्यासारखे नवरे शेकड्यांनी बसले होते. त्याला संक्रांतीनंतरची तारीख मिळाली.

त्या दिवसापासून चिन्नी दोघांच्या मध्ये झोपू लागली. चिन्नीला मोठी मजा वाटली. ताट देताना लावण्याची बोटं नागेशच्या बोटांना लागली तर तो हात मागे घेई आणि मग ओशाळून दुसरीकडे बघे. तिला त्याच्या हाताची कधी भीती वाटली नव्हती. आता त्याच्याच हाताला तिची भीती वाटत होती. आणि या सगळ्याचा उपयोग तरी होता की जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

शहर बदललं. बायका बसमध्ये, भाजीच्या गाड्याशी, शाळेच्या फाटकाशी एकमेकींच्या पोटाकडे बघू लागल्या. मोबाइल लोखंडी डब्यात ठेवून डाळीवर फिरवला की ती चालू होते, अशी अफवा उठली आणि तसं करणाऱ्या बायका लावण्यानं स्वतः पाहिल्या. एका रात्री लीलाक्काच्या दुकानावर कुणीतरी दगड मारला. काच फुटली. डाळ तिनंच बसवली होती, म्हणून राग तिच्यावर. ती दुसऱ्या दिवशी फुटक्या काचेला पुठ्ठा लावून दुकानात बसली.

ठरलेल्या दिवशी लावण्या तिथं गेली. मोरीत पट्टी हातात धरली. पहिली रेघ आली. मग तिच्याशेजारी, पाण्यातून वर यावी तशी, दुसरी आली.

आधी आली ती भीती नव्हती. आनंद होता. तान्ह्या चिन्नीच्या टाळूचा वास तिला त्या कोंदट मोरीत अचानक आला, आणि छातीत काहीतरी उबदार पसरलं. क्षणभरच. मग तिला त्या आनंदाचीच इतकी भीती वाटली की तिनं पट्टी मुठीत मिटून टाकली.

बाहेर लीलाक्कानं तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "उद्या डॉक्टरकडे जा. उद्या म्हणजे उद्याच, लावण्या."

"जाते. पण अक्का, नागेशला तू काही बोलू नको. मी सांगते."

ती डॉक्टरकडे गेली नाही, आणि नागेशलाही तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या तपासणीतही एकच रेघ आली, असं तिनं खोटं सांगितलं. तो देवासमोर हात जोडून बराच वेळ उभा राहिला, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं मनाशी हिशेब मांडले. पाच वर्षं झाली, हृदय भरून आलं असेल. डॉक्टर जरा जास्तच सांगतात. औषधंही आता नवी आली असतील. कारखान्यात गणवेशाच्या फळीवर सगळ्यात लहान मापाचे शर्ट पडून होते. पहिलीचे वर्ग बंद पडत चालल्यानं त्या मापाला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. डब्याच्या सुट्टीत ती त्या फळीशी जाई आणि एखाद्या शर्टाची कॉलर उगाच सरळ करी.

मग जिना जड जाऊ लागला. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. आधी ती एका दमात चढायची. आता मधल्या वळणावर थांबावं लागे. शेजारणीनं बघितलं तर पर्स उघडून चावी शोधल्यासारखं करी. गर्भ अजून वाटाण्याएवढाही नसेल, पण त्याच्यासाठी शरीर रक्त वाढवत होतं आणि ते वाढलेलं रक्त ढकलण्याची ताकद तिच्या हृदयात नव्हती. हे डॉक्टरांनी पूर्वी समजावलेलं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. ती ते आठवणं टाळत होती.

रविवारी सकाळी ती खालून दूध घेऊन आली. जिन्यावर चिन्नी आणि शेजारची मुलगी खेळत होत्या. लावण्या खालच्या पायरीवर थांबली.

"मी आई," चिन्नी मैत्रिणीला सांगत होती. "तू इथं बस. आता मी कामावरनं आले."

चिन्नीच्या खांद्याला आईची जुनी पिशवी होती. ती तीन पायऱ्या चढली, कठडा धरला, दुसरा हात छातीवर ठेवला आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. आवाजासकट. मग पिशवीत हात घालून म्हणाली, "चावी कुठं गेली बाई?" आणि पुन्हा धापा. इतकं हुबेहूब की मैत्रीण घाबरून उठली. "तुला काय होतंय गं?"

"काही नाही. आईला असंच होतं."

लावण्यानं वर पाहिलं. घराच्या दारात नागेश उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. मग त्याची नजर जिन्याच्या खाली, कठडा धरून उभ्या असलेल्या बायकोवर आली आणि तिथंच थांबली.

चिन्नीला शेजारी सोडून त्यानं दार लावलं. "तुला कळून किती दिवस झाले?"

"आठवडा होऊन गेला."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. "तू मला विचारलं पण नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग काय म्हणू? हो म्हणू? जा, मर, असं म्हणू?" तो ओरडला, आणि लगेच त्याचा आवाज फुटला. "मी तुला त्या नळ्यांमध्ये बघितलंय. तू नाही बघितलंस. मी बघितलंय."

"मला ते हवं होतं, नागेश." ती उभीच होती, बसलं तर उठता येईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. "डाळ बसवली तेव्हा मला दुसरं मूल नकोय असं मी कधी म्हटलं का? तू आणि डॉक्टरांनी ठरवलंत, बरोबरच ठरवलंत. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आणि आता हे न विचारता आलं. मला वाटलं, थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे."

नागेशनं हात वर केला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा हात धरला. बाहेर चिन्नीचा खेळ परत सुरू झाला होता. धापांचा आवाज दारातून आत येत होता. तो आवाज लावण्याला ऐकवेना.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच जाऊ."

रुग्णालयाच्या बोळात बायका जमिनीवर बसल्या होत्या. चाळिशीतल्या होत्या, कॉलेजातल्या होत्या, कडेवर तान्हं मूल घेतलेल्याही होत्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. डॉक्टर भडकुंबेंनी लावण्याला ओळखलं आणि रांगेतून उठवून आत नेलं. छातीवर थंड जेल लावून त्यांनी यंत्र फिरवलं. पडद्यावर तिचं हृदय दिसलं.

"बघ. या भिंती जोरानं आत यायला हव्यात. मुठीसारख्या." पडद्यावरच्या भिंती थरथरत होत्या, ओल्या फडक्यासारख्या. "आधी आली असतीस तर सोपं होतं. आता हृदयाला औषधांचा आधार देऊन गर्भ काढावा लागेल. उद्या दुपारी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं. "तर मी जबरदस्ती करणार नाही. तुझं शरीर आहे. पण मग तुझ्या मुलीला कोण वाढवणार, ते तुम्ही दोघं आज ठरवा. मी घाबरवत नाहीये, लावण्या. मलाच भीती वाटतेय."

लावण्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गर्भ निघाला, पण त्यानंतर तिच्या हृदयाचा ताल बिघडला. बाहेर बसलेल्या नागेशला धावणारी पावलं ऐकू आली, मग दार बंद झाल्याचा आवाज. त्यानं डोळे मिटले. ठोके ताळ्यावर आणायला तिला दोनदा विजेचा झटका द्यावा लागला. दोन दिवस ती यंत्रांवर होती. शुद्धीवर आली तेव्हा नागेश उशाशी होता. ती रडली. मग तोही रडला. दोघांनी एकमेकांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही.

समितीनं अखेर निर्णय दिला: योजना चालू राहील. गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करणारा एक संदेश सगळ्यांच्या मोबाइलवर आला आणि परवाने पूर्ववत सुरू झाले. शमीमआपानं मूल ठेवलं होतं. लेकीचं लग्न आणि आपलं बाळंतपण एकाच वर्षी होणार, असं ती म्हणायची, पण हसायची नाही. संगव्वा गर्भ काढून मोकळी झाली. काजाच्या मशीनवरची पोरगी माहेरी गेली ती परत आली नाही. तिचा फोन बंद होता. तिचं काय झालं ते कारखान्यात कुणालाच कळलं नाही.

नागेशचं ऑपरेशन झालं. त्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीचा शेवटचा अहवाल येईपर्यंत लावण्यानं डाळ ठेवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर दर सोमवारी ती दंड तपासून घ्यायला अशोक चौकात जाई. ती एकटीच नसे. पूर्व भागातल्या कितीतरी बायका सोमवारी तिथं उभ्या असत. यंत्र लावलं की लीलाक्का आता पडदा त्यांच्याकडे वळवून धरी. तरी कुणी लगेच घरी जात नसे.

एका सोमवारी काउंटरशेजारच्या खुर्चीत हळदीचा रंग अजून न उतरलेली एक पोरगी बसली होती. डाळ बसवायला आली होती. तिनं दंड पुढे केला आणि लावण्याकडे बघून विचारलं, "दुखतं का ओ, ताई?"

"मुंगी चावल्यासारखं," लावण्या म्हणाली.

पोरगीनं डोळे मिटले. लीलाक्कानं डाळ बसवली. पोरगीनं डोळे उघडले आणि हसली. "झालं पण?"

हैदराबादकडच्या एका बारक्या कारखान्याला शोधून लीलाक्कानं थोड्या गोळ्या मागवल्या होत्या. लावण्यानं त्यांतलं एक पाकीट घेतलं आणि पोरगीसमोर धरलं. "ह्या गोळ्या घरात ठेव. डाळ आहे, तरी ठेव. आणि दर सोमवारी दंड दाखवायला ये."

"कशाला ओ?" पोरगी खुर्चीतून उठत ओढणी सावरत म्हणाली. "सरकार देतंय की."

रांगेतल्या बायका मान वळवून तिच्याकडे बघू लागल्या. लावण्यानं पोरगीच्या खांद्यावरची पर्स उघडली, पाकीट आत खोल सारलं आणि चेन ओढून बंद केली. पोरगी अजून हसत होती.